कौशी उठेना

"बस," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, मी पळायला आलेय."

"ते दिसलालंय मला. बस."

समोर मुरमाचं मैदान. दोन टोकांना दोन लाकडी खांब आणि मधे ओळीनं आठ मुली उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. खो-खोचं मैदान होतं ते! धावपट्टीचा कुठं मागमूस नाही. मी हातात स्पाइक्सची, खिळ्याच्या बुटांची पिशवी धरून खुळ्यासारखी उभी. जिल्ह्यात शंभर मीटरला पहिली आलेली मुलगी मी, आणि हे गृहस्थ मला उकिडवं बसायला सांगत होते.

सरांनी ओळीतल्या एकीला उठवलं. मी तिच्या जागी बसले. मागं धपाधप पावलं वाजली, पाठीवर सणसणीत थाप बसली आणि कानाशी कुणीतरी ओरडलं, "खो!"

मी दचकून मागं बघितलं.

सगळ्या मुली खो खो हसल्या. जिनं थाप मारली होती ती काळीसावळी, काटक मुलगी कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती. वेणी गुंडाळून डोक्यावर घट्ट बांधलेली, पायात काही नाही.

"मागं काय बघलालीस? खो पाठीला मिळतो, डोळ्याला नाई."

ही कौसल्या कसबे. सगळे तिला कौशी म्हणायचे. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि विद्यापीठाच्या खो-खो संघाची कर्णधार होती. आणि ते सर म्हणजे गुंडरे सर. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी आणि तोंडात एकच शब्द, बस.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. पण मी त्या माळावर का गेले ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बया शंभर मीटर सोडून खो-खोत कुठं घुसली.

माझे वडील, अप्पा, एसटीत. फलटण डेपोतून त्यांची बदली झाली ती थेट बालाघाटच्या डोंगरापलीकडच्या एका डेपोत. त्या गावाबाहेर माळावर एक नवंकोरं विद्यापीठ होतं. नवंकोरं म्हणजे दीड इमारत. अर्धीला अजून गिलावा व्हायचा होता. बाकीची विद्यापीठं त्याला 'माळावरचं विद्यापीठ' म्हणून हिणवायची. पण एक गोष्ट अशी होती की तिचं नाव निघालं की सगळ्यांची तोंडं गप्प व्हायची. राज्याच्या आंतरविद्यापीठ महोत्सवात मुलींच्या चार गुणिले शंभर रिलेचं सुवर्ण लागोपाठ तीन वर्षं या माळावर गेलं होतं.

आणि गंमत पुढं आहे. या मुली शंभर मीटरला उतरल्या की पहिल्याच फेरीत बाद व्हायच्या! मी शाळेत असताना एकदा ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आज चौघीच्या चौघी बाद, उद्या त्याच चौघी सुवर्ण घेऊन चालल्या. असं कसं? कुणी म्हणायचं, त्यांचे सर मंतरलेला दोरा बांधतात. कुणी म्हणायचं, खायला काहीतरी देतात. मला तेव्हापासून ते कोडं पडलेलं. त्यामुळं अप्पांनी बदलीची बातमी सांगितली तेव्हा आई रडली आणि मी टाळी वाजवली.

पण नुसत्या कुतूहलानं पोट भरत नाही. माझं एक दुखणं होतं. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत, रिलेच्या अंतिम फेरीत, आमच्या संघातल्या सोनलच्या हातून बॅटन माझ्या हातात यायचा होता, तो खाली पडला. घणघणत पलीकडच्या पट्टीत गेला. आम्ही पहिल्या होतो तोवर. सोनल म्हणाली, हिनं घेतला नाही. मी म्हणाले, हिनं दिला नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट दाखवलं. गावात दुकानदारसुद्धा चेष्टा करायला लागले, "काय गं, हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं?" सोनल माझी बालमैत्रीण. ती परत कधी बोलली नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं. त्या दिवसापासून मी रिलेत मागं वळून बघायला लागले. बॅटन येतोय का, बरोबर येतोय का, पडणार तर नाही. मागं बघणारी मुलगी कधी वेगात निघत नाही, हे मलाही कळत होतं. पण मान आपोआप वळायची. एकटीनं पळून मला राज्यात पदक मिळणार नव्हतं, माझ्यापुढं चारपाच जणी होत्या. पदक मिळालं तर ते रिलेतच. आणि धास्ती कसली, तर रिलेचीच.

अप्पांशी माझी बोली झाली होती. "हे एक वर्ष तुझं," ते म्हणाले होते. "महोत्सवात पदक आलं तर पुढं खुशाल पळ. नाही आलं तर ते खिळ्याचे बूट माळ्यावर, आणि डीएडला जायचं." अप्पा कठोर नव्हते. पडल्यावर मी रात्ररात्र रडायचे ते त्यांनी बघितलं होतं, एवढंच.

तर सरांनी मला बसवलं. एक दिवस नाही, आठवडाभर नाही, दिवाळी होईस्तोवर बसवलं.

सकाळी मैदानात जायचं, ओळीत बसायचं, खो मिळाला की उठून पळायचं, ओळीत बसलेल्या जिच्या मागं पोचशील तिच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा आणि तिच्या जागेवर पटकन बसायचं. पळणाऱ्या मुलीला मागं फिरायची मुभा नाही. खो मिळण्याआधी उठायची मुभा नाही. मी शंभर वेळा आधी उठायचे आणि शंभर वेळा सरांची शिट्टी वाजायची.

"सर, रिले कधी?" मी रोज विचारायचे.

"चाललाय की."

"कुठं चाललाय? मी तर बसलेय!"

"तेच तर." आणि टोपी सरळ करून ते पुढं चालायला लागायचे. मला असा राग यायचा की शिट्टी काढून घ्यावी आणि त्यांच्याच कानात फुंकावी.

पण हळूहळू मला एक नाद लागला. ओळीत बसल्यावर मागचं दिसत नाही, फक्त ऐकू येतं. मी ऐकायला लागले. शबाना शेख पळताना तिची पावलं फटफट वाजायची, ओल्या चपलेसारखी. पारू ढगे इतकी हलकी की ती जवळ आल्याशिवाय कळायचीच नाही, फक्त बांगडी किणकिणायची. आणि कौशी डावा पाय जरासा फरफटवायची. थप्-सर्र, थप्-सर्र. डोळे मिटूनही मी सांगायला लागले, आता शबाना, आता पारू, आता कौशी.

एका सकाळी सरांनी मेसमधलं जुनं लाटणं आणलं आणि चौघींना गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर नेलं. आमचा सरावाचा बॅटन तो. शबाना पहिली, पारू दुसरी, कौशी तिसरी, मी शेवटची.

"खुणेची पट्टी कुठं लावू?" मी विचारलं. रिलेत मागची मुलगी एका खुणेवर आली की पुढचीनं सुटायचं असतं. सगळीकडं तसंच शिकवतात.

"कशाला?" पारू म्हणाली.

"मग मी सुटू कधी?"

"कौशी जवळ आली की."

"अगं, पण जवळ आली हे न बघता कळणार कसं?"

तिघींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी विचारलं होतं की तोंडात घास कसा घालायचा. आणि मला एकदम उमगलं. दोरा नाही, मंतर नाही, काही नाही. या पोरी मागं बघतच नव्हत्या! बाकीच्या संघांतल्या मुली खुणेकडं मान वाकवून उभ्या असतात, कचरत सुटतात, मागं हात करून चाचपडतात. या नुसत्या ऐकायच्या आणि जिवाच्या आकांतानं सुटायच्या. हातात बॅटन येणारच हे धरून चालायच्या. एकेकीचा वेग कमी, पण देताघेताना एक कणसुद्धा सांडायचा नाही.

कोडं सुटलं म्हणून मी खूश झाले. पण सुटलं ते अर्धंच होतं, कारण कळलं तरी माझी मान वळायची ती वळायचीच. पहिल्या दिवशी लाटणं तीनदा पडलं. आणि तिन्ही वेळा एक विचित्र प्रकार झाला. लाटणं पडलं रे पडलं की कौशी मोठ्यानं ओरडायची, "माझा!" आणि जिथं असेल तिथं खाली बसायची.

तिसऱ्या वेळी माझं डोकं फिरलं. "काय माझा माझा लावलंयस? चूक माझी होती. मी मागं बघितलं. मला काय लहान बाळ समजतेस का?"

"खो देणारीचा असतो," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे देणारीचा. घेणारीला आमी काई विचारत नाई."

"आणि घेणारीनं चुकवला तर?"

"तर देणारीनं असा द्यायचा की चुकायला नको."

आता याला काय म्हणणार! मी रुसून दगडावर जाऊन बसले. ती शेजारी येऊन टेकली. म्हणाली, "तुझा कवा पडलता?"

तिला कुणी सांगितलं कोण जाणे. अप्पा सगळ्या डेपोला सांगत सुटले असतील. मी तिला सोनलचं सगळं सांगितलं.

"देणारी कोण, सोनल?"

"हो."

"मंग तिचा," कौशी म्हणाली आणि उठून कपडे झटकायला लागली, जणू भाजीचा भाव सांगितला. दोन वर्षं जे माझ्या छातीवर बसलं होतं, ते या बाईनं एका शब्दात उचलून बाजूला ठेवलं. मला ते खरं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी लाटणं एकदाच पडलं.

आता कौशीची खोड सांगते. बॅटन दिला की ती खाली बसायची. पडला तर बसायचीच, पण नीट दिला तरी बसायची. लहानपणापासून खो-खो खेळलेली. खो दिला की त्या जागेवर बसायचं हे हाडात मुरलेलं. बाकीच्या मुली बॅटन दिल्यावर कितीतरी लांबपर्यंत पळत जाऊन थांबतात. ही दोन ढांगांत वेग मोडून धपकन डांबरावर उकिडवी.

सर डोक्याला हात लावायचे. "कौशे, हे खो-खो नाही गं माय! तिथं बसायचं नसतं!"

"आठवतच नाई सर. बसल्यावर आठवतंय."

"उद्या तिथं हजार लोक बघत असतील. अब्रू जाईल विद्यापीठाची."

"बसल्यानं अब्रू जाती का सर? मंग वर्गात कशाला बसवता?" असं म्हणून ती स्वतःच हसायची. सरांनी समजावलं, रागावले, एकदा मैदानाला फेऱ्याही मारायला लावल्या. खोड गेली नाही.

महोत्सव एका मोठ्या शहरात होता. लाल रबरी धावपट्टी, तिच्यावर पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या रेघांचा नुसता गुंता. शबाना वाकून रबराला हात लावून बघत होती. पारू म्हणाली, "ही तर गादीच की!" यजमान विद्यापीठाच्या मुली सारख्या रंगाच्या जाकिटात फिरत होत्या. आम्ही चौघी चार रंगांच्या ओढण्या डोक्याला गुंडाळून उन्हात बसलेल्या.

शंभर मीटरला मी सहावी आले. बाकीच्या तिघी पहिल्या फेरीत बाद. परंपरा पाळली म्हणायची.

रिलेच्या पहिल्या फेरीत कौशीनं मला बॅटन दिला आणि बसली. सगळं मैदान हसलं. कुणीतरी ओरडलं, "पाट द्या गं तिला, जेवायला बसलीय!" आम्ही अंतिम फेरीत पोचलो, पण सरांचा चेहरा पडला होता. संध्याकाळी ते कौशीला म्हणाले, "एवढं एक ऐक माझं. उद्या उभी राहा."

"राहते सर." तिनं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

मी मात्र वेगळ्याच काळजीत होते. त्या फेरीत मी मागं बघितलं होतं. किंचित. कुणाला दिसलं नसेल, पण मला माहीत होतं आणि कौशीलाही माहीत होतं. अप्पा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं येणार होते. झोपायच्या आधी मी कौशीला म्हटलं, "उद्या पडला तर माझं सगळं संपलं गं."

"पडला तर माझा," ती म्हणाली आणि कूस बदलून घोरायला लागली.

अंतिम फेरी दुपारी झाली. आम्हाला पाचवी पट्टी, यजमानांना चौथी. मी शेवटचं वळण संपतं तिथं उभी. बॅटन द्यायघ्यायला जो आखलेला पट्टा असतो, त्याच्या आतच तो हातात यायला हवा. बाहेर गेला की संघ बाद. पट्ट्याशेजारी एक चष्मेवाले पंच हातात पांढरा आणि पिवळा झेंडा घेऊन उभे. पांढरा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे चूक.

बंदूक वाजली. मी डोळे समोर ठेवले. समोर सरळ रेघा, शेवटी दोरी, आणि कठड्यापाशी अप्पांची खाकी टोपी. गर्दीचा एवढा कालवा की कानाचे पडदे फाटतील. या आवाजात मला कौशीचा पाय ऐकू कसा येणार? मान वळायला लागली. अगदी वळायला लागली.

आणि ऐकू आलं. थप्-सर्र. थप्-सर्र.

मी सुटले. अशी सुटले की तशी कधीच सुटले नव्हते. मागं कोण आहे, किती लांब आहे, काही बघितलं नाही. पट्टा सरत चालला होता. मनात आलं, मेले, लवकर सुटले, आता ती पोचत नाही. आणि तेवढ्यात मागून तिचा घसा फाटला, "खो!" मी हात मागं टाकला. बॅटन तळव्यात बसला तो असा, की जणू तो तिथंच होता.

पुढचं मला नीट आठवत नाही. दोरी छातीला लागली तेवढं आठवतं. चौथ्या पट्टीची मुलगी माझ्या मागं होती. मी हात वर केले, अप्पांकडं बघितलं. अप्पा टाळ्या वाजवत नव्हते. ते माझ्या पलीकडं, वळणाकडं बघत होते.

मी वळले. वळणाशी पिवळा झेंडा वर होता. आणि त्या झेंड्याखाली, पाचव्या पट्टीत, कौशी बसलेली होती.

मी तशीच उलटी पळत सुटले. मला माहीत होतं काय झालं ते. मी लवकर सुटले, ती पोचेपर्यंत पट्टा संपला. परत माझ्यामुळंच. तिथं पोचेस्तोवर माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"कौशे, माझी चूक झाली. मी लवकर..."

"गप," ती म्हणाली. मान वर न करता, समोर बघत. "खो देणारीचा असतो."

भोवती माणसं जमली होती. शबाना, पारू धावत आल्या. गुंडरे सर कठड्यावरून उडी टाकून आले, टोपी मागंच पडली. एक स्वयंसेवक कौशीला म्हणत होता, "ताई, उठा, पुढची शर्यत लावायचीय." ती उठेना. त्यानं दंडाला धरायला हात केला तर तिनं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला.

मुख्य पंच आल्या. पिकलेल्या केसांच्या, पांढऱ्या टोपीच्या बाई. "हा काय तमाशा आहे? ऊठ आधी."

"झेंडा कशाला वर हाय मॅडम, ते सांगा. मंग उठते."

"बॅटन पट्ट्याच्या बाहेर दिलात तुम्ही. संघ बाद आहे."

"बाहेर?" कौशी म्हणाली. "मंग मी आत कशी?"

बाईंनी खाली बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. पट्ट्याची शेवटची रेघ कौशीच्या पायांच्या पुढं होती. हातभर पुढं. ती आत होती. बॅटन देऊन, वेग मोडून, बसून, तरीही आत होती. थांबली ती जागाच जर आत, तर दिला ती जागा त्याच्याही अलीकडं.

चष्मेवाले पंच म्हणाले, "नाही मॅडम, मी बघितलंय. त्या खुणेच्या पुढं दिला यांनी." आणि त्यांनी बोटानं एक खूण दाखवली. ती कौशीच्या मागं होती. निळी होती.

"ही तर अडथळ्यांच्या शर्यतीची खूण," बाई हळूच म्हणाल्या. "पट्टा इथं संपतो. पिवळ्या रेघेला."

पंचांचा चेहरा उतरला. पण यजमानांचे एक सर मधे आले. "ते ठीक आहे, पण ही मुलगी पुढं जाऊन परत मागं येऊन बसली नसेल कशावरून?"

"मागं?" कौशीला खरोखरच आश्चर्य वाटलं. "आमाला मागं फिरता येत नाई सर. फाऊल असतो."

पारू फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्या पंचांकडं वळल्या. "तुम्ही हिला बसलेली कधी पाहिलीत?"

पंचांनी चष्मा काढून पुसला. त्यांना गप्पच राहायचं असतं तर कुणी काही करू शकलं नसतं. पण माणूस सरळ होता. म्हणाले, "लगेच. मी झेंडा उचलला आणि हिला ओरडलो, ए, ऊठ. शेवटच्या मुली तेव्हा अजून पळत होत्या."

"तेव्हा ती कुठं होती?"

"इथंच, मॅडम. ही जागची हललीच नाही."

बाईंनी त्यांच्या हातातला पांढरा झेंडा घेतला आणि स्वतः वर धरला. तिकडं कठड्यापाशी अप्पांनी खाकी टोपी हवेत उडवली, ती कुणाच्या तरी चहात पडली म्हणे. शबाना आणि पारू एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. माझा जीव भांड्यात पडला. मला पुढं पळायला मिळणार होतं. पुढं आठ वर्षं मी पळाले आणि मागं कधी बघितलं नाही.

गुंडरे सर कौशीसमोर उकिडवे बसले. आयुष्यभर आम्हाला बस म्हणणारा माणूस स्वतः पहिल्यांदा बसला असेल. "शपथ घेतलतीस ना गं उभी राहायची?"

"उभीच राहनार होते सर," ती म्हणाली. "बसल्यावर आठवलं. मंग वाटलं आता उठावं. तेवढ्यात झेंडा दिसला. मंग म्हटलं, आता काई झालं तरी उठायचं नाई."

"बरं बाई, ऊठ आता. झालं सगळं."

कौशी उठेना.

मुख्य पंच म्हणाल्या, "ऊठ बेटा, सुवर्ण मिळालंय तुम्हाला." स्वयंसेवक हात जोडून उभा. ती तशीच, उकिडवी, हात पुढं टेकलेले, नजर समोर. तिचे डोळे भरले होते, हे मला तेव्हा दिसलं. पण ती उठत नव्हती, आणि कुणाला काही कळत नव्हतं.

मला कळलं. दिवाळीपर्यंत उगाच बसवलं नव्हतं मला सरांनी.

मी वळसा घालून तिच्या मागं गेले. मुद्दाम जोरात पावलं वाजवत गेले, तिला ऐकू जावीत म्हणून. तिनं मागं बघितलं नाही. मी वाकले, तिच्या पाठीवर सणसणीत थाप मारली आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "खो!"

तेव्हा कुठं कौशी उठली. आणि तिच्या जागेवर मी बसले.